पिवळ्या गोळ्यांच्या वाटेने आष्ट्यापर्यंत

आष्ट्याला सहलीसाठी कोणी जात नाही. मीही सहलीला गेले नव्हते. महाबळेश्वरला लोक जातात, पण तिथला एकही पॉइंट मी धड पाहिला नाही. तरी परत आल्यापासून वसतिगृहातल्या मैत्रिणी "काय काय पाहिलंस?" म्हणून विचारत राहिल्या आणि दर वेळी माझं उत्तर अर्ध्यावर राहिलं. म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढते.

आधी गेले कशाला, ते सांगायला हवं. मी पुण्यात पॅथॉलॉजीचं पुढचं शिक्षण घेते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील मालवणजवळच्या खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवतात. मे महिन्यात घरी गेले होते तेव्हा तरीत बसूनच मी त्यांना माझ्या प्रबंधाचा विषय समजावून सांगितला. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, माणूस सारखा परसाकडे धावतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात त्याला. त्यावर सल्फाच्या मोठ्या पिवळ्या गोळ्या देतात. गोळ्यांनी जखम भरते. पण भरल्यावर खाली व्रण किती उरतो, हे मी आतड्याचा तांदळाएवढा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवून बघते.

वडिलांनी वल्हं न थांबवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तू रोग बरो करतंस, काय नुसतो बघतंस?"

"बघते," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि तर पलीकडच्या धक्क्याला लावली. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, पण तो प्रश्न माझ्याबरोबर पुण्याला आला.

बघायला मात्र मला आवडतं. आम्ही त्या तुकड्याला जो रंग देतो, त्यात स्नायू पिवळे दिसतात आणि व्रणाचे तंतू लाल. निरोगी आतड्यात वरच्या थरात ग्रंथी शेजारी शेजारी उभ्या असतात, नीट लावणी केलेल्या भातासारख्या. आजारात त्या ओळी मोडतात, आणि आजार फार दिवस राहिला की खालून लाल तंतू पसरत जातात. आष्ट्याच्या सुमतीअक्का म्हणून एक बाई होत्या. त्यांची मी कधी गाठ घेतली नव्हती, पण त्यांच्या दोन काचपट्ट्या मी इतक्या वेळा पाहिल्या होत्या, की डोळे मिटले तरी दिसत. पहिलीत लाल थोडं होतं. मधे बराच काळ गोळ्या देऊन घेतलेल्या दुसरीत ते खूप वाढलं होतं.

ती दुसरी पट्टी पाहून माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "गोळी चालत नाही या बाईला." सर्जनचंही तेच मत पडलं. दिवाळीनंतर सगळं मोठं आतडं काढायचं आणि पोटावर जन्माची पिशवी लावायची, असं ठरलं. मग सरांनी मला बोलावलं. बोलावूनही न येणारे दोन रुग्ण आणि अक्का, अशा तिघांना त्यांच्या घरी जाऊन भेटायचं होतं. ते गोळ्या खरंच घेतात का, एवढंच विचारायचं. "अक्कांनी घेतल्या असतील, तर मग इलाज नाही," सर म्हणाले. "नसतील घेतल्या, तर दिवाळीच्या आधी मला कळायला हवं."

अक्कांच्या दोन्ही काचपट्ट्या रुमालात गुंडाळून मी डब्यात ठेवल्या आणि निघाले. का घेतल्या, मला तेव्हा सांगता आलं नसतं.

महाबळेश्वर

एसटीतून उतरले तेव्हा गाव दिसतच नव्हतं. पाऊस संपला होता, पण ढग जायचे राहिले होते. भिंतींना पावसाळ्यासाठी बांधलेली गवताची झापं काही घरांवर अजून तशीच होती, त्यामुळे घरांनी घोंगड्या पांघरल्यासारखं वाटत होतं. समोरून माणूस यायचा, आधी छत्री दिसायची, मग पाय, आणि चेहरा दिसेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. मायक्रोस्कोपचं भिंग जुळवण्याआधी असंच दिसतं. कुठेतरी जुळवायचा स्क्रू असेल, असं मला उगीच वाटत राहिलं.

पहिले रुग्ण बबनराव टॅक्सीवाले स्टँडवरच भेटले. गाडीला टेकून चहा पीत होते. गाल भरलेले होते.

"गोळ्या?" ते म्हणाले. "त्या कवाच सोडल्या. रगत थांबलं, गोळी थांबली."

मी म्हणाले, बरं वाटलं तरी घ्यायच्या असतात.

"आवं डॉक्टरबाई, गाडी बंद पडली की ढकलायची. सुरू झाल्यावर कोन ढकलतंय?"

ते वाईपर्यंत रिकामेच निघाले होते, म्हणून मला म्हणाले, बसा. पसरणीच्या घाटात एका वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि बोट दाखवलं. "ह्यो माझा पॉइंट."

तिथे करवंदीची जाळी होती, बाकी काही नव्हतं.

"लोकांचे पॉइंट निराळे, माझे निराळे," बबनराव म्हणाले. "आजारात हितंच पळायचो. एकदा गाडीत नवंनवं लग्न झाल्यालं जोडपं. बाई म्हनती, ड्रायवर कुटं गेला? नवरा म्हनतो, सीन बघतोय गं, रसिक मानूस हाय."

हसत हसत मी जाळीपर्यंत गेले. मागे मोठा दगड होता, आणि दगडापलीकडे ढग फाटून खाली खोरं उघडलं होतं. मधून कृष्णा गेलेली, तिच्या दोन्ही बाजूंना हिरवे, पोपटी, पिवळट वाफे. वरून पाहताना मला अक्कांची पहिली पट्टी आठवली. ओळी अजून मोडायच्या होत्या तेव्हाची.

"झ्याक हाय का न्हाई?" मागून बबनराव म्हणाले. "पोट बिघडलं नसतं तर मला बी दिसली नसती."

वाईला उतरताना मी पुन्हा गोळ्यांचं बोलले. मी म्हणाले, "पुन्हा सुरू झालं तर या जाळीमागे सीझनभर बसावं लागेल." ते म्हणाले, "दिवाळीची गिऱ्हाइकं संपली की येतो." मी अर्धा विश्वास ठेवला.

साताऱ्याजवळचं एक गाव

या गावात घरटी कोणी ना कोणी फौजेत आहे. रस्ता विचारला तर लोक "सरळ जाऊन लेफ्ट" म्हणतात. दुसरे रुग्ण निवृत्त सुभेदार होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर घरी आलेले, आणि आजार तिकडूनच घेऊन आलेले. ते दवाखान्यात परत आले नव्हते, कारण त्यांना काही होतच नव्हतं.

दारातल्या कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता. मी पोचले आणि त्याच वेळी सुभेदारांनी त्यावर टोल दिला. आतून त्यांची बायको, काकी, पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. सुभेदारांनी उभ्याने तुकडा खाल्ला, दोन पिवळ्या गोळ्या गिळल्या आणि मगच माझ्याकडे वळले.

"टोल गोळीचा हाय," काकी म्हणाली. "साऱ्या आळीला ठावं. मरताना बी टोल देऊनच जातील."

"तू हायस की द्यायला," सुभेदार म्हणाले.

आमच्याकडे पाहुण्याला गूळपाणी देतात. इथे काकीने पितळेचा पेला भरून म्हशीचं दूध दिलं, त्यावर बोटभर साय. मला दूध आवडत नाही. "संकोच नगं करू, पोरी," असं म्हणत ती समोरच बसली, म्हणून सगळं प्याले. पेला रिकामा झाल्यावर तिने परत भरला. रिकामा पेला म्हणजे आणखी हवं, असा तिकडचा समज आहे हे मला उशिरा कळलं.

मी सुभेदारांना विचारलं, "गोळ्यांची वेळ कधीच चुकली नाही?"

"हुकूम व्हता," ते म्हणाले. "आनि मी तो डॉक्टरला परत म्हनून दावला. फौजेत तसंच असतंय. हुकूम देनारा सांगतो, घेनारा परत म्हनतो. न्हाईतर त्यानं काय धरलं, ते देनाऱ्याला कळायचं कसं?"

त्यांनी हे सहज सांगितलं आणि काकीला माझ्यासाठी पोळ्या लाटायला सांगून ते गोठ्याकडे गेले. मीही तेव्हा ते सहजच ऐकलं.

इस्लामपूरच्या पुढे

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून निघालेली गाडी कऱ्हाड मागे टाकून इस्लामपुरात आली, तेव्हा उन्हं कलायला लागली होती. कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघत होता आणि हवेला मळीचा आंबूस गोड वास होता. त्या वासाने मला डुलकी लागली. कंडक्टरने एका फाट्याचं नाव घेतलं, मला वाटलं आष्टा आलं, आणि मी घाईने उतरले. गाडी गेल्यावर पाहते तर चहूकडे ऊस.

"फुडं चालत ऱ्हावा, येतंय आष्टा," एक गुराखी म्हणाला. मी चालत राहिले. ऊस माझ्या दुप्पट उंच होता. काही फडांना नुकते तुरे आले होते, आणि तिरप्या उन्हात ते पांढरे तुरे वाऱ्याशिवायच हलतात असं वाटत होतं. आमच्याकडे खाडी असल्यामुळे कुठेही उभं राहिलं तरी लांबचं दिसतं. इथे डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस, वर आभाळाची एक पट्टी. मायक्रोस्कोपखाली मी ज्या ओळी वरून बघते, त्यांच्या आत आज चालते आहे, असं मनात आलं. आपण फार लहान झालो आहोत आणि आता कोणी वरून आपल्याला बघत असेल, असंही वाटलं. भीती वाटली नाही. पावलांचा आवाज मऊ मातीत बुडत होता, आणि हे असंच चालत राहावं, आष्टा येऊच नये, असं थोडा वेळ वाटलं. कारण आष्ट्यात काय विचारायचं ते मला माहीत होतं आणि "घेतल्या" हे उत्तर आलं तर पुढे काय होणार, तेही.

मग धुराचा वास आला. उसाच्या कडेला नुकतंच लागलेलं गुऱ्हाळ होतं. कढईत रस उकळत होता, आणि डोक्याला टापशी बांधलेले एक उंच गृहस्थ बांधावर उभे होते. मी भूपालअण्णांचं घर विचारलं. सुमतीअक्कांच्या यजमानांचं ते नाव.

त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, चिखलाने भरलेल्या चपलांकडे पाहिलं. "पुण्याच्या डॉक्टरीणबाई का?" ते म्हणाले. "मीच भूपाल. चला बिगीबिगी. दिवस मावळायच्या आत तुमचं जेवान व्हायला पायजे."

आष्टा

अण्णांचं घर जैनांच्या गल्लीत आहे. त्या घरात दिवस मावळल्यावर कोणी जेवत नाही, पाण्याला गाळणं लावल्याशिवाय हंडा भरत नाहीत, आणि कांदा-लसूण-बटाटा घरात येत नाही. "तुमच्यात काय खातात?" असं अण्णांनी वाटेत विचारलं होतं. मासळी आठवून मी अडखळले आणि म्हणाले, "भात."

सुमतीअक्का दारातच उभ्या होत्या. लाल तंतूंवरून मी मनात एक बाई रचली होती, थकलेली, कण्हणारी. या अक्का काटकुळ्या होत्या खऱ्या, पण ताठ होत्या. माझ्या पायांवर त्यांनीच पाणी घातलं, मी नको नको म्हणत असताना.

पाट मांडून त्यांनी मला वाढलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर तुपाची धार. कांदा-लसणाशिवाय आमटीला इतकी चव येते हे मला नवीन होतं. अक्का समोर बसून वाढत राहिल्या. स्वतः जेवायला बसल्या नाहीत. आमच्याकडेही घरची बाई मागून जेवते, म्हणून मला काही वाटलं नाही.

हात धुवून आम्ही मागच्या दारी पायरीवर बसलो. परड्यात हळद होती, केळीसारखी रुंद पानं असलेली. ऊन पानांच्या टोकांवर आलं होतं. कसं सुरू करावं ते मला कळेना. मी डबा उघडला, रुमाल सोडला आणि दुसरी काचपट्टी काढली.

"अक्का, हे तुमचं आहे."

त्यांनी ती हातात घेतली नाही. मी ती मावळत्या सूर्यासमोर धरली. नुसत्या डोळ्यांनी एवढासा ठिपका दिसत होता, पण आरपार उजेड आला तेव्हा रंग वेगळे झाले. खाली पिवळी कड, तिच्यावर लाल.

अक्का जवळ सरकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "हळदीकुंकूच की," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं, की पिवळं तुमचं मूळचं आणि लाल आहे तो व्रण. लाल कमी असायला हवं होतं. वाढलं, म्हणून काढायचं म्हणतात.

"व्हय. सांगितलंय सर्जनसायबांनी," त्या शांतपणे म्हणाल्या. "पिशवी लावली तर बस्तीत जायला चालंल का, एवढंच मला इचारायचं हुतं. दवाखान्यात कुनाला इचारू? सगळे बापयमानूस."

बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि तसं मी सांगितलं. मग सरांनी विचारायला सांगितलेलं विचारलं. गोळ्या घेता ना?

"एक दिस चुकले न्हाई." त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथे गोळ्यांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. अण्णाही दारातून म्हणाले, "मी रोज इचारतो. गोळी घेतली का? घेतली म्हनती. ती खोटं बोलत न्हाई."

बोलत नव्हत्याच. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की कळत होतं. मग इलाज नाही, हे सरांचे शब्द मला आठवले. उठून आत जावं आणि सकाळच्या गाडीने निघावं, एवढंच उरलं होतं. पण परड्यातली हळदीची पानं सळसळली, लांब गुऱ्हाळाच्या घाण्याचा कुरकुर आवाज येत होता, आणि मला सुभेदारांचा टोल आठवला.

"अक्का," मी म्हणाले, "दवाखान्यात गोळ्यांचं तुम्हाला काय सांगितलं होतं? त्यांनी सांगितलं तसं परत म्हणा बघू."

त्या जराशा हसल्या. शाळेतल्या मुलीसारखे त्यांनी हात मांडीवर घेतले. "दोन-दोन गोळ्या चार येळा. जेवल्यावर घ्यायच्या. रिकाम्या पोटी अजिबात घ्यायच्या न्हाईत."

"बरोबर. मग चार वेळा घेता?"

"जेवल्यावर घेते."

"किती वेळा जेवता?"

"एकदा," अक्का म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मी परत विचारलं. तेव्हा अण्णांनीच सांगितलं. आजार सुरू झाला त्या चातुर्मासात अक्कांनी एकभुक्त राहायचा नियम घेतला होता. दिवसातून एकदाच जेवायचं, दुपारी. बरी होईपर्यंत. अष्टमी-चतुर्दशीला तेही नाही.

"आणि अष्टमी-चतुर्दशीला गोळी?"

"जेवान न्हाई तर गोळी कशी घेऊ?" अक्का म्हणाल्या. "चार येळा म्हनले, पन जेवल्यावरच म्हनले. आमचं जेवान एकदाच. त्यांनी जे नक्की म्हनून सांगितलं, त्येवढं मी धरलं."

मी काचपट्टी रुमालात ठेवली. आठातल्या दोन गोळ्या. दवाखान्यात सगळ्यांनी धरून चालले होते की माणूस सकाळी खातो, दुपारी जेवतो, संध्याकाळी काही तोंडात टाकतो, रात्री जेवतो. मी तिथे असते तर मीही तसंच सांगितलं असतं.

"अक्का, गोळी तुम्हाला चालत नाही, असं नाही," मी म्हणाले. "ती पोटात पुरती गेलीच नाही."

अण्णा खाली बसले. "म्हंजी कापायला नगं?"

मला त्यांना हो म्हणायचं होतं. "ते मी सांगू शकत नाही," मी म्हणाले. "पण पूर्ण गोळ्या देऊन पाहिल्याशिवाय कापू नका, असं सरांना मी सांगू शकते. उद्यापासून चार वेळा खा."

अक्कांनी मान हलवली. "नियम मोडून बरी झाले, तर ते बरं हुनं कसलं?"

अण्णांनी डोक्याची टापशी काढून मांडीवर ठेवली. ऊन पानांवरून उतरून गेलं. थोड्या वेळाने अक्काच म्हणाल्या, "माताजींना इचारू. नियम त्यांनीच दिलाय."

कृष्णेकाठी

माताजी म्हणजे चातुर्मासासाठी नदीकाठच्या एका वस्तीवर थांबलेल्या साध्वी. सकाळी अण्णांनी बैलगाडी जुंपली. गाडीत अक्का आणि मी पाय लांब करून बसलो. धुकं नदीवरून उसात आलं होतं आणि बैलांची शिंगं तेवढी पुढे तरंगत होती. मध्येच अक्कांनी गाडी थांबवायला सांगितली आणि उसाआड गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांचा हात धरून वर घेतलं. मग हात तसाच माझ्या हातात राहिला. मी आजवर त्यांच्या आतड्याचा तांदळाएवढा तुकडा ओळखत होते. हाताला गुळाचा आणि शेणाचा वास होता, तळव्याला घट्टे होते.

माताजी चटईवर बसल्या होत्या. पांढरं लुगडं, शेजारी पिंछी, म्हणजे मोरपिसांचा कुंचा. त्यांचं मराठी कानडी वळणाचं होतं. अक्कांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. मग माताजींनी मला विचारलं, "ही गोळी उपाशीपोटी चालते काय?"

चालते म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. एकभुक्तही राहिलं असतं आणि गोळ्याही. "मळमळेल," मी म्हणाले. "या इतक्या अशक्त आहेत, की उलटून पडेल. पोटात थोडं अन्न हवं."

"सूर्य असताना बसतं काय सगळं?"

मी हिशेब केला. पुस्तकात चार वेळा लिहिलं आहे. दिवसात मात्र तीनच वेळा बसत होत्या: सकाळी, दुपारी, मावळायच्या आधी. प्रत्येक वेळी थोड्या जास्त. "तीनदा बसेल," मी अडखळत म्हणाले. "सरांना विचारून नक्की करते. पण बसेल."

माताजी अक्कांकडे वळल्या. "नियम घेताना औषधाचं का सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाई," अक्का म्हणाल्या.

माताजी हसल्या. तोंडात दात थोडेच होते. "खरं आहे. विचारायचं राहिलं. उद्या माझा उपवास त्यासाठी." मग त्या अक्कांना म्हणाल्या, "नियम मोडू नको. बदल. बरी होईपर्यंत तीनदा जेव, दिवसाच्या उजेडात. त्याबदली काय सोडतेस?"

अक्कांनी विचार केला. बाहेर अण्णा बैलांना पाणी दाखवत होते. त्यांच्या पाठीकडे पाहत अक्का म्हणाल्या, "गूळ."

गुऱ्हाळाच्या घरात गूळ सोडणं म्हणजे काय, ते परतीच्या वाटेवर अण्णांकडून मला कळलं. पहिल्या ढेपेचा खडा आधी बायकोच्या हातावर ठेवायचा, ही त्यांची लग्नापासूनची रीत होती. गाडी हाकता हाकता ते म्हणाले, "मंग मी बी सोडतो."

"तुमी सोडल्यावर चव कोन बघनार?" अक्का म्हणाल्या. "गिऱ्हाईक काय माझ्या पोटाकडं बघून गूळ घेनार हाय? गप बसा."

बैल आपल्या वाटेने चालत राहिले. धुकं विरलं होतं आणि तुरे उन्हात आले होते. कोणाला कुठे पोचायची घाई नव्हती. त्या दिवशी अक्का घरी पोचल्या पोचल्या, मग दुपारी, आणि दिवे लागायच्या खूप आधी, अशा तीनदा जेवल्या. तिसऱ्या वेळी पानावर बसताना त्या लाजल्या. मी शेजारी बसून भाकरी खाल्ली. गोळ्या घेताना त्यांनी मला म्हणून दाखवलं, "तीन येळा. दिस असताना. जेवान असो, उपास असो, चार घास खाऊन." उपवासाच्या दिवशीचे चार घास माताजींनीच सांगितले होते.

निघताना त्यांनी माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. अण्णांनी एक लहान ढेप कापडात बांधून दिली. मी घेईना, तेव्हा अक्का म्हणाल्या, "न्या. आमच्यात कुनीतरी खाल्ला पायजे."

सांगलीहून पुण्याला

सांगलीच्या बाजारात हळदीची पोती पाहिली, सगळी हवा पिवळी होती आणि हमालांच्या पापण्यासुद्धा. गाडीत खिडकीशी बसून मी सरांसमोर काय बोलायचं ते मनात म्हणत राहिले. प्रत्यक्षात चार वाक्यांतच सगळं संपलं. सरांनी दुसरी पट्टी हातात घेतली आणि म्हणाले, "म्हणजे ही पट्टी गोळीबद्दल काहीच सांगत नाही." त्यांनी सर्जनकडे जाऊन ऑपरेशन पुढे ढकललं. अक्कांच्या तीन वेळांनाही होकार दिला. संक्रांतीनंतर नवा तुकडा घ्यायचा, मग ठरवायचं. आता वॉर्डात गोळ्या देताना रुग्णाकडून परत म्हणून घेतात. बबनराव अजून आलेले नाहीत.

संक्रांत झाल्यावर अक्का आल्या. रक्त पडायचं थांबलं होतं. अंगही थोडं भरलं होतं. त्यांचा नवा तुकडा मीच रंगवला. भिंग जुळवलं तेव्हा आधी लालच दिसलं. जितकं होतं तितकं होतं. व्रण पुसला जात नाही, हे पुस्तकात आहेच, तरी मला वाईट वाटलं. मग पट्टी हळूहळू वर सरकवली. वरच्या थरात ग्रंथी उभ्या होत्या. वाकड्या, काही दुबेळक्या, पण ओळीत. उसाच्या त्या वाटेवर मी आणखी एकदा चालून आले.

सरांनी पाहिलं, भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "थांबू या आणखी." काढायचं नाही, असं ते म्हणाले नाहीत. पुढचा तुकडा पावसाळ्याच्या आधी.

घरी वडिलांना हे सांगायचं आहे. बरो करतंस काय, असं त्यांनी परत विचारलं तर काय म्हणायचं, ते अजून नक्की नाही.

अक्कांची ढेप प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात आहे. मी ती फोडलेली नाही. नियम बरी होईपर्यंतचा आहे, आणि पहिला खडा त्यांच्या हातावर गेल्याशिवाय मला खाववत नाही. मुंग्या लागू नयेत म्हणून कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत. रोज सकाळी आल्यावर आधी त्या भरते, मग मायक्रोस्कोपवरचं कापड काढते.